पैसे दसऱ्याला, टोमॅटो नाताळानंतर : कोरेगाव तालुक्यातल्या एका भाजी-वाट्याचा रब्बी हंगाम

कोरेगाव तालुक्यातलं हे कुटुंब. दोघे भाऊ, थोरल्याची बायको आणि आई. साडेतीन एकर रान. दीड एकरात आडसाली ऊस, एक एकर भाजीला, उरलेल्यात आलं आणि खरिपात वाघ्या घेवडा, म्हणजे इकडचा राजमा. पाणी विहिरीचं, शिवाय धोमच्या कालव्याची पाळी. सातारा शहरातल्या घरांना ते थेट भाजी देतात, पण किलोच्या भावाने विकत नाहीत. घरांनी हंगामाआधी रक्कम भरायची आणि दर आठवड्याला रानात जे निघेल त्यातला आपला वाटा न्यायचा, असा हा व्यवहार. मी साताऱ्यातला त्यांचा ग्राहक, आणि योजनेचा हिशेबही बघतो. कुटुंबाला विचारूनच हे लिहितो आहे. नावं आणि गाव त्यांच्याच इच्छेने दिलेलं नाही, आकडे त्यांच्या वहीतले आहेत.

2025 च्या खरिपात ही योजना बंद पडायच्या बेताला आली होती. पन्नास घरांपैकी एकवीस घरांनी गणपतीनंतर 'आता पुरे' म्हणून कळवलं. तरीही त्याच कुटुंबाने, त्याच रानात, दोन महिन्यांनी नवा हंगाम उभा केला आणि तो शेवटपर्यंत नेला. हंगाम कसा सुरू करायचा यावर वाट्याचं निम्मं भवितव्य ठरतं असं माझं मत या प्रकरणाने पक्कं झालं, म्हणून ते तपशिलात मांडतो.

खरिपात बिनसलं ते काय

त्या वर्षी मेअखेरीलाच पाऊस उतरला. माण-फलटणसारख्या कोरड्या पट्ट्यातही ओढे वाहिले. रानाला वापसाच येईना, म्हणजे ओल उतरून रान मशागतीजोगं होईना, त्यामुळे मशागत रखडली आणि भेंडी-गवारीची पेरणी लांबली. जुलैत टोमॅटोवर करपा आला. पालेभाजी वाफ्यात सडली. चार आठवडे पिशवीत दुधी, दोडका, भोपळा आणि अळू यापलीकडे फारसं काही नव्हतं.

पाऊस कोणाच्याच हातात नव्हता आणि ग्राहकांनाही ते कळत होतं. घरं तुटली ती दोन वेगळ्या कारणांनी.

पहिलं म्हणजे व्यवहाराची घडी. तेव्हा रक्कम हंगामाची नव्हे, महिन्याची घेत. मंडईच्या भावापेक्षा दहा टक्के कमी लावून महिनाअखेरीला वजावट करत. म्हणजे बोलायला वाटा, वागायला दुधाचा रतीब. रतिबात दूध कमी आलं तर गिऱ्हाईक त्या दिवसाचे पैसे कापतं आणि त्यात वावगं काही नाही, कारण गाय आटली तर तो गवळ्याचा प्रश्न. इथेही तसंच झालं. पिशवी हलकी आली की घरं भाव विचारू लागली, दुधी मंडईत वीसला मिळतो म्हणून सांगू लागली. रानाचं नुकसान सगळं एकट्या कुटुंबावर पडलं.

दुसरं कारण टोमॅटोचं. ऑगस्टात धाकट्याने पिशव्या भरलेल्या दिसाव्यात म्हणून पहाटे मंडईतून दोन क्रेट टोमॅटो उचलले आणि वाटून टाकले. शाहूपुरीतल्या एका निवृत्त शिक्षिकेने पिशवी दारातच उघडली.

"दादा, हे तुमच्या रानातले टोमॅटो नव्हेत."

"का हो बाई?"

"तुमच्या टोमॅटोला हिरवा देठ असतो. एक मोठा, एक बारका, एखादा तडकलेला. हे सगळे एका मापाचे, देठ झडलेले."

धाकट्याने तिथेच कबूल केलं, पण पुढच्या दोन दिवसांत ही गोष्ट सगळ्या घरांत फिरली. गळालेल्या एकवीस घरांतल्या बहुतेकांनी कारण म्हणून दुधी-भोपळा सांगितला नाही, हे टोमॅटो सांगितले. चार आठवडे भोपळा खाल्लेला माणूस थांबतो. ज्याला आपण काय खातोय हे सांगितलं गेलं नाही तो थांबत नाही.

सप्टेंबरची बैठक

सप्टेंबरच्या मध्यावर गोडोलीत एका ग्राहकाच्या घरी बसलो. उरलेल्या एकोणतीस घरांपैकी अठरा घरांतली माणसं आली. आधी कोणी बोलेना. मग वहिनींनीच टोमॅटोचा विषय काढला. "भाऊजींनी आणले ते पिशवी रिकामी दिसू नये म्हणून. पण आम्ही सांगायला पाहिजे होतं. इथून पुढं बाहेरचा एक दाणाही पिशवीत पडला तर त्यावर कुणाच्या रानातला ते लिहिलेलं असेल." एवढ्या एका बोलण्याने बैठकीची हवा बदलली हे मी पाहिलं.

त्यानंतर हंगामी वाट्याची कल्पना नीट समजावून सांगितली. जपानमध्ये 1970 च्या दशकात भाजीवरच्या विषारी फवाऱ्यांना घाबरलेल्या कुटुंबांनी शेतकऱ्यांशी थेट करार केले, त्याला तिकडे तेइकेई म्हणतात. अमेरिकेत 1986 साली मॅसॅच्युसेट्स आणि न्यू हॅम्पशायरमधल्या दोन शेतांवर असे वाटे सुरू झाले. न्यू हॅम्पशायरच्या शेताची पद्धत मला फार मोलाची वाटते. वर्षाच्या खर्चाचं अंदाजपत्रक सभासदांपुढे ठेवायचं, आणि प्रत्येकाने आपल्या ऐपतीप्रमाणे रक्कम बोलून ते भरून काढायचं. भाजीचा भाव त्यात येतच नाही. साताऱ्यात ऐपतीप्रमाणे बोली लावणं जमलं नसतं, ओळखीपाळखीत अवघडलेपण येतं. पण अंदाजपत्रक उघडं मांडणं जमण्यासारखं होतं.

भावाचा नाद का सोडायचा यासाठी टोमॅटोचंच उदाहरण पुरलं. 2023 च्या जुलैत किरकोळ बाजारात टोमॅटो किलोला शंभराच्या पुढे गेला. त्याच वर्षी सप्टेंबरात महाराष्ट्रातल्या शेतकऱ्यांनी तो रस्त्याकडेला ओतला, कारण तोडणीची मजुरीही सुटत नव्हती. रोपाचा, खताचा, बाईमाणसाच्या रोजाचा खर्च या दोन महिन्यांत तसूभरही हलला नव्हता. मग मंडईच्या भावाला धरून वाट्याची किंमत ठरवण्यात अर्थ काय?

खर्चाचा कागद

अंदाजपत्रक त्यांच्या ओसरीवर बसून केलं. हंगाम सोळा आठवड्यांचा धरला, चार आठवडे तयारीचे आणि बारा वाट्यांचे. दोन मजूर बायका, आठवड्याला सहा दिवस, 300 रुपये रोज : 57,600. बियाणं आणि रोपं 14,000. शेणखताच्या चार ट्रॉल्या 14,000. जीवामृताचा (शेण-गोमूत्राच्या आंबवलेल्या खताचा) गूळ-बेसन आणि अर्क 4,000. वीज आणि ठिबकची दुरुस्ती 6,000. टेम्पोच्या बारा फेऱ्या 10,800. क्रेट आणि कापडी पिशव्या 3,600. रोख खर्चाची बेरीज 1,10,000.

थोरले भाऊ इथे थांबले. वहिनींनी विचारलं, "आणि आपला रोज?"

"घरच्या माणसाचा कसला रोज?"

आई पलीकडे घेवडा निवडत होत्या. त्या तिथूनच म्हणाल्या, "बाहेरच्या बाईला देतोस न्हवं? मग ही काय फुकाट राबती व्हय?"

दोन माणसांचा रोज 500 रुपयांप्रमाणे लावला, बाई-पुरुष सारखाच. शहाण्णव दिवसांचे 96,000 झाले. अडत्याच्या पट्टीवर, म्हणजे विक्रीच्या हिशेबाच्या चिठ्ठीवर, आडत, हमाली, तोलाई, मोटारभाडं सगळं दिसतं, पण पिकवणाऱ्या घराची मजुरी दिसत नाही. या कागदावर ती पहिल्यांदा दिसली. धाकट्याचा वेळ मात्र अजूनही त्यात धरलेला नाही. तो उसाकडे आणि आल्याकडे असतो आणि भाजीला शनिवारपुरताच लागतो असं घरात ठरलं. मला ते पुरेसं वाटत नाही.

दहा हजार नुकसानीसाठी राखून ठेवले. एकूण 2,16,000. एक एकरातून आठवड्याला छत्तीस वाटे निभतील असा वहिनींचा अंदाज होता, खरिपातल्या पन्नासच्या हट्टाने काय झालं ते त्यांनी पाहिलं होतं. छत्तीसने भागून एका वाट्याचे 6,000 आले, म्हणजे आठवड्याला 500 रुपयांत सात-साडेसात किलो. दोघंच राहणाऱ्या वयस्कर जोडप्यांसाठी अर्धा वाटा ठेवला, त्याचे 3,000 न घेता 3,200 घेतले, कारण पिशवी तीच आणि फेरीही तीच. शेवटी बत्तीस पूर्ण आणि आठ अर्धे वाटे गेले, चाळीस घरं. त्यातली अकरा नवी.

पैसे दोन हप्त्यांत : निम्मे दसऱ्याला, निम्मे डिसेंबरात. पाच घरांनी चार हप्ते मागितले, ते दिले. दसऱ्याला 1,01,300 रुपये हातात आले. हा आकडा रोख खर्चाच्या शेजारी ठेवून बघा. दरवर्षी ऑक्टोबरात बियाणं-औषधं दुकानातून उधारीवर उचलायची आणि उसाचं बिल आलं की भागवायची, असं या घरात चालत आलं होतं. दुकानदार उधारीवर देतो तेव्हा तोच सांगतो कुठलं औषध न्यायचं. यंदा रोखीने गेल्यामुळे लागेल तेवढंच आणलं. वाट्याचा सगळ्यात मोठा फायदा मला इथे दिसतो, पण ग्राहकांना तो सहसा कोणी समजावून सांगत नाही.

कायद्याची शंका एकाने काढली होती, म्हणून एवढं नोंदवतो. 2016 च्या जुलैत महाराष्ट्राने फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून काढला, त्यामुळे शेतकऱ्याने शहरात थेट माल देण्याला आडकाठी नाही.

तारीख उलट मोजली

ग्राहकांची इच्छा होती दिवाळीआधी सुरुवात व्हावी. दिवाळी ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात होती. थोरल्या भावांनी साफ नाही सांगितलं. "हस्ताचा पाऊस गेल्याशिवाय मी बी टाकणार नाही. चित्रात वापसा आला तर आला." सप्टेंबरात पावसाने जो कहर केला तो राज्याने पाहिलाच, त्यामुळे त्यांच्याशी वाद घालायला कोणाकडे तोंड नव्हतं.

मग वहिनींनी तारखा शेवटाकडून मागे मोजायला घेतल्या. मला ही पद्धत अतिशय आवडली, ती जशी वहीत आहे तशी सांगतो. भोगी 13 जानेवारीला. त्याआधीचा शनिवार 10 जानेवारी. त्या पिशवीत गाजर, पावटा, हरभऱ्याचे डहाळे आणि वांगी नसतील तर त्या पिशवीला काही अर्थच नाही. गाजराला पंच्याऐंशी दिवस लागतात, म्हणजे बी 17 ऑक्टोबरच्या आत पडायला हवं. काळ्या रानात तोवर पाय ठेवता येणार नव्हता, म्हणून गाजर बांधाकडच्या मुरमाड पट्टीत, गादीवाफ्यावर टाकायचं. पावटा ऑगस्टातच बांधाला टोकला होता, तो थंडीत शेंगेला येतोच. टोमॅटोचं बी सप्टेंबरअखेर ट्रेमध्ये, 25 ऑक्टोबरला लागण, पहिला तोडा बासष्ट-पासष्ट दिवसांनी. म्हणजे 27 डिसेंबरच्या आधी टोमॅटो नाही. मेथी महिन्यात येते, पालकालाही तेवढेच दिवस. दर दहा दिवसांनी तीन-तीन गुंठे पेरत गेलं की पालेभाजी तुटत नाही.

सुरुवातीची तारीख ठरवली चंपाषष्ठीने. ती 26 नोव्हेंबरला होती. चातुर्मासात वांगी-कांदा न खाणारी घरं साताऱ्यात अजून पुष्कळ आहेत, आणि चंपाषष्ठीला त्यांना भरीत हवंच असतं. ऑगस्टात लावलेली भरताची वांगी पावसातून तगली होती. पहिला वाटा 22 नोव्हेंबरला.

पत्रकावर काय लिहिलं आणि काय नाही

खरिपाच्या पत्रकावर भाज्यांची यादी होती आणि ती वाचून घरांनी मनात पिशवी भरून ठेवली होती. या वेळी यादी काढून टाकली. लिहिलं ते एवढंच : बारा आठवडे, दर वेळी किमान सात प्रकार, त्यात दोन पालेभाज्या. टोमॅटो 27 डिसेंबरच्या आधी मिळणार नाहीत. पीक गेलं तर पैसे परत नाहीत. आठवडा पूर्ण चुकला तर शेवटी एक आठवडा वाढेल. शेजारच्या रानातून काही घेतलं तर त्यावर चिठ्ठी असेल, मंडईतून काहीही येणार नाही.

'पैसे परत नाहीत' हे वाक्य गाळावं असं धाकट्याचं म्हणणं होतं, लोक बिचकतील म्हणून. ते ठेवलं, आणि वरून दुसऱ्या ओळीत टाकलं. ते वाचून तीन घरांनी वाटा घेतला नाही. ती घरं डिसेंबरात भांडून जाण्यापेक्षा ऑक्टोबरात न आलेली बरी, असं मला वाटलं आणि अजूनही वाटतं.

'सेंद्रिय' हा शब्द पत्रकावर नाही. त्याचं प्रमाणपत्र या कुटुंबाकडे नाही. पीजीएस पद्धतीत, जिथे शेतकरीच एकमेकांच्या रानाची पाहणी करून हमी देतात, गटाने ते मिळवता येतं, पण गटात किमान पाच शेतकरी हवेत आणि गावात अजून तिघेच तयार आहेत. त्याऐवजी फवारणीची वही ठेवली, ती दर शनिवारी वाट्यांच्या टेबलावर उघडी असते. तारीख, पीक, काय मारलं, किती, कोणी. दशपर्णी अर्क, निंबोळी अर्क, एका ठिकाणी टोमॅटोवर ताम्रयुक्त बुरशीनाशक. ते शेवटचं नाव पाहून एका ताईंनी तपशीलवार चौकशी केली, थोरल्या भावांनी करपा आलेलं पान दाखवून कारण सांगितलं. ताईंनी वाटा चालू ठेवला.

घरपोच देणंही बंद केलं. साताऱ्याचे चढ-उतार चढत पन्नास दारं करताना दुपारचे दोन वाजायचे आणि मेथी मान टाकायची. आता शाहूपुरी, गोडोली आणि सदर बझार अशा तीन ठिकाणी शनिवारी सकाळी नऊ ते अकरा. मेथी-पालक पहाटे कापून ओल्या बारदानात गुंडाळून येतात. प्रत्येक ठिकाणी एक अदलाबदलीची टोपली असते : नको असलेली भाजी त्यात टाकायची, हवी असलेली उचलायची. कारल्याची सगळी कटकट या टोपलीने मिटवली.

पहिली पिशवी आणि पुढचे आठवडे

22 नोव्हेंबरच्या पिशवीत होतं : मेथी आणि पालकाची एकेक जुडी, कांद्याची पात, भरताची वांगी एक किलो, एक दुधी, दीड किलोची भोपळ्याची फोड, चार मुळे, एक किलो रताळी, पाव किलो मिरची, पाव किलो नवं आलं आणि अर्धा किलो वाघ्या घेवडा. सव्वासात किलोच्या आसपास. खरिपात ज्या भोपळ्यावरून तक्रार झाली तोच भोपळा यातही होता, कोणी काही बोललं नाही. टोमॅटो का नाहीत असं एका नव्या घराने विचारलं, तेव्हा शेजारच्या जुन्या ग्राहकानेच पत्रकातली ओळ दाखवली. वांग्यांना काटेरी हिरवे देठ होते. शिक्षिका बाईंनी ते बघून वांगी पिशवीत ठेवली आणि धाकट्याला म्हणाल्या, "ही तुमचीच."

सगळं सुरळीत गेलं असं नाही. डिसेंबरात विहिरीवरची मोटर जळाली. ती दुरुस्त होऊन येईपर्यंत पालेभाजीचं पाणी तुटलं आणि त्या शनिवारी सातऐवजी चारच प्रकार निघाले. वहिनींनी गुरुवारीच व्हॉट्सअ‍ॅपवर जळक्या मोटरचा फोटो टाकून कळवलं. राखीव पैशातून शेजारच्या रानातला फ्लॉवर घेतला, पिशवीत चिठ्ठी घातली. भोगीचं गाजर बोटाएवढंच भरलं, मुरमाड पट्टीत खत कमी पडलं होतं. पण ते गोड होतं, आणि पावट्याच्या शेंगा व डहाळे मनासारखे आले. टोमॅटोचा पहिला तोडा 27 डिसेंबरला निघाला, वाट्याला अर्धा किलोच. जानेवारीत मंडईत टोमॅटो काय भावाने आहे हे आमच्या टेबलावर कोणी विचारल्याचं मी ऐकलं नाही.

हंगाम फेब्रुवारीच्या पहिल्या शनिवारी संपला. चाळीसपैकी छत्तीस घरांनी पुढच्या रब्बीसाठी नाव दिलं. खर्चाचा प्रत्यक्ष कागद शेवटच्या वाट्यासोबत सगळ्यांना दिला. मजुरी अंदाजापेक्षा थोडी जास्त गेली, शेणखत कमी लागलं, राखीव रकमेतले काही हजार उरले.

आता प्रश्न पावसाळ्याचा आहे आणि त्यावर घरात एकमत नाही. थोरल्या भावांच्या मते जून ते सप्टेंबर भाजीचा वाटा काढायचाच नाही, घेवडा, भुईमूग असा सुका माल द्यायचा आणि दसऱ्याला पुन्हा सुरुवात करायची. वहिनी म्हणतात, चार महिने पिशवी बंद पडली की घरं दुसरीकडे वळतात. त्यांना वीस वाटे काढायचे आहेत, फक्त वेलभाज्यांचे : दोडका, कारली, दुधी, काकडी, सगळ्या मांडवावर, आणि पत्रकावर तसंच लिहून. मी वहिनींच्या बाजूचा आहे, कारण खरिपातही रानाने उपाशी ठेवलं नव्हतं, वेलांनी तेव्हाही दिलंच होतं. अडचण मांडवाच्या खर्चाची आहे, तो वीस वाट्यांवर किती पडेल हे बघितल्याशिवाय ठरणार नाही. तार आणि बांबूचे भाव काढून आणायचं काम धाकट्याकडे दिलं आहे.